मधमाशी आणि आपले मळे

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



आजच्या मेळाव्यात आम्ही दोन शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाकडून झाली आणि विषयाची निवडही मंडळाने आमच्यावरच सोपविली. गेल्या वर्षी मुलींच्या उच्च शिक्षणावर व्याख्यान झाले, त्याच्या आधल्या वर्षी लग्नातील उधळपट्टीवर झाले. आम्ही ‘मधमाशी’ असा विषय कळविला तेव्हा चिटणीस किंचित हसले आणि म्हणाले, “गुरुजी, मधाचा धंदा काढायचा विचार आहे की काय?” धंदा काढण्याचे आमचे वय राहिलेले नाही, आणि शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याइतके शिक्षणही आमच्यापाशी नाही. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास होऊन आणि अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आम्ही प्राथमिक शाळेत लागलो, आणि खडू झिजवीत झिजवीत निवृत्त झालो. आज जे सांगावयाचे आहे ते काही ग्रंथांत वाचलेले आहे, काही जाणत्यांना विचारून घेतलेले आहे, आणि उरलेले स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे. ती चूकच प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला हे आपल्या ध्यानी येईल.

निफाड तालुक्यात आमचा वडिलोपार्जित मळा आहे. तो आमचे धाकटे बंधू पाहतात. दर वर्षी अर्धा एकर डोंगळे लावण्याचा त्यांचा परिपाठ. पुण्या-मुंबईस वाढलेल्या आपल्या मुलांना डोंगळे म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. कांद्याचे बी धरावयाचे असेल तर चांगले, एकसारखे कांदे निवडून ते कार्तिकाच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावितात. त्यांतून हिरवे पोकळ दांडे वर येतात, प्रत्येक दांड्याच्या शेंड्याला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा फुलतो, आणि चैत्रात त्या गोंड्यांतून काळेभोर बी निघते. ह्यालाच आपण उळे म्हणतो. हे बी फार दिवस टिकत नाही. वर्षभरानंतर त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून दर वर्षी ते नव्याने धरावे लागते. घरचे उळे असणे म्हणजे काय, आणि ते नसले की तुटीच्या वर्षी बाजारात काय भाव मोजावा लागतो व त्यातही फसगत कशी होते, हे येथे बसलेल्या बहुतेकांनी भोगलेले आहे.

२०१८ सालच्या माघ महिन्यातील गोष्ट. डोंगळे ऐन फुलावर होते. आम्ही एके सकाळी मळ्यात गेलो असता गोंड्यांवर आम्हांस फुलकिडे दिसले. आम्ही बंधूंस तत्काळ औषध मारण्याचा सल्ला दिला. दुकानदाराने दिलेले औषध आम्हीच तालुक्याहून आणले. संध्याकाळी मजूर थांबत नाहीत, दुपारी ऊन फार, म्हणून सकाळी नऊ वाजता पंप सुरू झाला. आठ दिवसांनी पुन्हा एकदा तसेच झाले. बंधूंनी आमचा शब्द मोडला नाही, कारण घरात शिकलेले आम्हीच.

त्यानंतर चार दिवसांनी भावजय पाण्याचा हंडा घेऊन येत होत्या, त्या वाटेतच थांबून म्हणाल्या, “नाना, औंदा गोंड्यावर माशी नाही.” आम्ही उत्तर दिले, “नाही ते बरेच झाले.” हे उत्तर आज आठवले की आम्हांस शरम वाटते. परागीभवनाचा पाठ आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकविला होता. फळ्यावर रंगीत खडूने फूल काढून पुंकेसर, कुक्षी, बीजांड अशी नावे मुलांकडून घोकून घेतली होती. परंतु आपल्या बांधावरील कांद्याचे फूल कधी हातात धरून पाहिले नव्हते. ज्या बाईने शाळेचे तोंड चौथीपलीकडे पाहिले नाही, तिला जे दिसले ते आम्हांस दिसले नाही.

भावजय मात्र तेवढे बोलून थांबल्या नाहीत. त्यांच्या माहेरी सूर्यफुलाच्या शेतात दाणे भरावेत म्हणून फुलांवरून हलकेच फडके फिरवीत. ते आठवून त्या आणि आमची पुतणी रोज सकाळी दव उडाल्यावर सरीसरीने जात आणि प्रत्येक गोंड्यावरून ओंजळ फिरवीत. अर्ध्या एकरातले गोंडे किती असतात ह्याचा हिशेब करून पाहावा. सर्व क्षेत्र त्यांच्याने झाले नाही. विहिरीकडचा पट्टा तेवढा झाला. चैत्रात बी पाखडले तेव्हा सुपातून फोलच अधिक उडाले. ज्या अर्ध्या एकरातून एरवी सव्वा ते दीड क्विंटल उळे निघावयाचे, तेथे पंचेचाळीस किलो भरले, आणि त्यातलेही बरेचसे विहिरीकडच्या पट्ट्यातले होते. आमच्या पुतणीचे लग्न त्या वर्षी ठरावयाचे होते; ते एक वर्ष लांबले. आणखी काही सांगत नाही.

आता असे का झाले ते पाहू. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि ती एकदम न उमलता दोन-तीन आठवड्यांत मागेपुढे उमलतात. एका फुलात सहा पुंकेसर असतात, आणि बोंड चांगले भरले तर त्यात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. निसर्गाची योजना अशी की, त्या फुलातील पुंकेसर आधी पिकून परागकण सांडतात आणि त्याच फुलाची कुक्षी पराग घेण्यास योग्य होते ती मागाहून, एक-दोन दिवसांनी. म्हणजे कांद्याच्या फुलाला स्वतःचा पराग स्वतःला लावून घेता येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याने हे काम होत नाही, कारण तो पराग ज्वारी-बाजरीच्या परागासारखा हलका व कोरडा नसून चिकट असतो. तो पायांना, अंगावरील लवेला चिकटवून कोणीतरी एका गोंड्यावरून दुसऱ्यावर नेला पाहिजे. हे काम माशी करिते. भावजयीच्या ओंजळीने तेच केले, परंतु माशी ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आणि विनामूल्य करिते.

अन्य कीटकही फुलांवर येतात, मग मधमाशीचेच एवढे महत्त्व का? त्याचे एक कारण तिच्या एका सवयीत आहे. एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. कांद्यावर निघाली तर कांद्याचेच गोंडे घेईल, वाटेत करडई लागली तरी तिच्याकडे वळणार नाही. ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या ध्यानी सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच आली होती. फुलाच्या दृष्टीने पाहता ह्याहून चांगला टपालवाला मिळणे कठीण, कारण कांद्याचा पराग करडईवर पडून कोणाचाच लाभ नसतो. आपल्या पूर्वजांनी ही सवय निराळ्या अंगाने टिपली होती. दारोदार थोडे थोडे अन्न घेऊन कोणावरही भार न टाकता शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या भिक्षेस आपण ‘मधुकरी’ म्हणतो, तो शब्द ह्या माशीवरूनच आला.

आता ‘मधमाशी’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दुकानातील बाटली येते. परंतु आपल्या मुलखात ह्या माश्यांची चार घराणी आहेत आणि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. पहिली आग्या. ती उंच झाडाच्या फांदीला, कड्याला, पुलाखाली किंवा इमारतीच्या सज्ज्याला एकच एक मोठे उघडे पोळे लटकाविते. ते हातभर, कधी त्याहून रुंद असते. हिच्या रागाची कीर्ती सर्वश्रुत आहे. अजिंठ्याची लेणी पाहण्यास गेलेल्या कित्येकांना ती भोवली आहे. दुसरी सातेरी, जी झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत अंधारात एकामागे एक अशी कित्येक पोळी बांधते. ही सोशीक असल्यामुळे पेटीत राहते, आणि महाबळेश्वरचा जो मध प्रसिद्ध झाला त्याचा पाया हिच्यावरच घातला गेला. तिसरी फुलोरी, बोटभर काटकीला तळहाताएवढे पोळे करणारी, कुंपणात राहणारी. चौथी पोया, माशीहून चिलटासारखीच दिसणारी, जिला डंखच नसतो. ह्यांशिवाय युरोपातील मेलिफेरा माशी आहे. ती १९६० नंतरच्या दशकात पंजाबात व कांगड्याकडे यशस्वी रीतीने रुजली आणि तेथून देशभर पसरली. आज ट्रकांतून हिंडणाऱ्या ज्या पेट्या आपण पाहतो त्या बहुधा हिच्याच असतात.

आणि ह्या चार घराण्यांखेरीज मध न साठविणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या आहेत. त्यांना कोणी नावानेही ओळखत नाही. वांग्याचे फूल पाहा. त्याचा पराग नळीसारख्या पुंकेसरांत कोंडलेला असतो आणि नळीच्या टोकाशी बारीक छिद्र असते. मधमाशीला तो नीट काढता येत नाही. आपला काळा भुंगा फुलाला पकडून अंग थरथरवितो, त्या गुंजारवासरशी पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा खाली झडतो. हा भुंगा वाळक्या लाकडाला गोल भोके पाडून त्यांत घर करितो. आपण गोठ्याचे जुने वासे काढून लोखंडी अँगल घातले, बांधावरची वाळकी खोडे जळणात घातली, तेव्हा भुंग्याचे बिऱ्हाड उठले हे कोणाच्या मनातही आले नाही. तुरीच्या फुलावर येणारी पाने कातरणारी माशीही अशीच अनामिक. तिला पोकळ काडी किंवा जमिनीतले बीळ पुरते, पण तेवढे तरी हवेच.

काकडी, टरबूज, खरबूज, तांबडा भोपळा ह्या वेलांवर नर फुले निराळी व मादी फुले निराळी. सकाळी फूल उमलते ते त्याच दिवशी मिटते, आणि तेवढ्या वेळात माश्यांच्या अनेक फेऱ्या मादी फुलावर व्हाव्या लागतात. फेऱ्या कमी पडल्या तर फूल गळते, किंवा फळ धरते पण एका बाजूला आखडते. बाजारात वाकडी काकडी दिसली की आपण बियाण्याला दोष देतो. (दुधी व दोडका ह्यांची फुले मात्र सायंकाळकडे उमलतात आणि त्यांचा पाहुणा बहुधा पतंग असतो. त्यामुळे ‘संध्याकाळी फवारा म्हणजे झाले’ हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही.)

येथे एका अतिशयोक्तीचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते. मधमाशी नष्ट झाली तर मनुष्यजात चार वर्षांत नष्ट होईल असे आइन्स्टाइन म्हणाले होते, हे वाक्य आपल्या मुलांच्या भ्रमणध्वनीवर नेहमी येत असते. आइन्स्टाइन यांच्या लेखनात असे वाक्य कोणालाही सापडलेले नाही, आणि ते खरेही नाही. गहू, भात, बाजरी, ज्वारी, मका ह्या पिकांना माशी लागत नाही. भाकरी मिळत राहील. परंतु भाकरीबरोबर काय असेल हा प्रश्न आहे. जगातील प्रमुख ११५ अन्नपिकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८७ पिके कमीअधिक प्रमाणात कीटकादी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत असे आढळले. वजनाने मोजले तर त्या पिकांचा वाटा जगाच्या अन्नोत्पादनात सुमारे ३५ टक्के. तेलबिया, फळे, भाजी, मसाले आणि भाजीचे बी ह्याच रकान्यात येते. म्हणजे नेमके ते, ज्यावर आपल्या माळी समाजाचे घर चालत आले.

माशी कमी होते आहे म्हणजे नेमके काय, हेही जपून सांगितले पाहिजे. अमेरिकेत २००६ च्या हिवाळ्यात एक विलक्षण प्रकार सुरू झाला. पेटी उघडावी तो राणी आहे, पिल्ले आहेत, मधही आहे, परंतु कामकरी माश्या बेपत्ता. भोवताली प्रेतेही नाहीत. हजारो पेट्या अशा ओस पडल्या. त्याचे एकच एक कारण सापडले नाही. माशीच्या अंगावर जगणारी गोचिडीसारखी कीड, विषाणू, कीटकनाशके आणि एकाच पिकावर गुजराण केल्यामुळे आलेली अशक्तता, ह्या सर्वांनी मिळून घात केला असे जाणकार मानतात. तरीही जगातील पाळीव पेट्यांची एकूण संख्या १९६१ पासून वाढलेलीच आहे. कमी होत आहेत त्या मुख्यतः रानातल्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या माश्या. कोंबड्या वाढल्या म्हणून चिमण्या वाढल्या असे कोणी म्हणणार नाही, परंतु माश्यांच्या बाबतीत हाच घोटाळा विद्वानही करितात.

आपल्या सातेरीवर आलेले संकट तर त्याच्याही आधीचे आहे. १९९१-९२ च्या सुमारास केरळात थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग शिरला. ह्यात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन कोशातच मरते. केरळातील नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती त्या लाटेत गेल्या आणि शेजारच्या राज्यांतही हाहाकार झाला. त्यावर औषध नाही. ज्या थोड्या वसाहती आपल्या अंगच्या बळावर तगल्या, त्यांचीच पैदास वाढवून हळूहळू सावरावे लागले. आणि येथे लक्षात घ्यावे की, ज्या गोचिडीने परदेशी माशीची दैना केली तिच्याशी सातेरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. ती कीड मूळची पूर्वेकडील माश्यांवरचीच; सातेरी तिला अंगावरून वेचून काढते. असे कणखर घराणे आपल्या भिंतीत राहत असता आपण ती भिंत लिंपून टाकितो.

चीनच्या सिचुआन प्रांतात हानयुआन नावाचा भाग नासपतीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकरी बहर आला की शिड्या लावून झाडावर चढतात आणि बांबूच्या काठीला बांधलेल्या कोंबडीच्या पिसांनी एकेका फुलाला पराग लावितात. ही रीत १९८० नंतरच्या काळात तेथे रूढ झाली. बहराच्या दिवसांत फवारणी इतकी होई की माश्यांच्या पेट्या तेथे आणण्यास कोणी तयार होईना. एका जातीच्या नासपतीला त्याच जातीचा पराग चालत नाही हेही एक कारण होतेच. हे चित्र आम्ही प्रथम पुस्तकात पाहिले तेव्हा त्यातील शिडीवरच्या बाईच्या जागी आम्हांस विहिरीकडच्या पट्ट्यातील भावजय दिसल्या.

औषधांविषयी बोलताना आम्हांस शेतकऱ्याची अडचण कळते. फवारणीवाचून बाग हाती लागत नाही, हे आमच्या पुतण्याच्या द्राक्षबागेवरून आम्ही पाहतो. छाटणीपासून काढणीपर्यंत पंप खाली ठेवता येत नाही. आणि गंमत अशी की द्राक्षाला माशी लागत नाही. म्हणून माशी मेली तर द्राक्षवाल्याला त्याची झळ पोहोचत नाही. झळ पोहोचते ती बांधापलीकडच्या डोंगळेवाल्याला. आपल्या गावांत हे दोघे बहुतेक वेळा सख्खे भाऊ किंवा चुलतभाऊ असतात. माशीला सात-बारा वाचता येत नाही. ती तुमच्या बागेतल्या ठिबकाजवळचे पाणी पिते आणि आमच्या गोंड्यावर येऊन मरते. कित्येकदा विष तिला मारण्याइतके नसतेही. २०१२ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी माश्यांच्या पाठीवर बारीक खुणेच्या चकत्या चिकटवून दाखविले की, एका नव्या वर्गातील कीटकनाशकाच्या अल्प मात्रेनेही माशी घराची वाट चुकते. त्या वर्गातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ साली बंद केला. आमचे डोंगळे बसले ते हेच साल.

अलीकडे डाळिंबाच्या बागांत आणि डोंगळ्यांत माश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवण्याची चाल पडली आहे. ती चांगली आहे. परंतु पेटी ठेवून सकाळी पंप चालविणे म्हणजे शेजाऱ्याची बैलजोडी उसनी आणून तिच्यापुढे विषारी कडबा टाकण्यासारखे आहे. असे झाल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पेटीवाला तरुण पोरगा होता. रात्री पेट्या उचलून एक शब्द न बोलता निघून गेला.

मळ्यापुरतेच पाहून भागणार नाही. आपल्या धरणांत येणारे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून येते. तेथील जांभूळ, हिरडा आणि आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी ह्या सर्वांच्या फुलांवर ह्याच माश्या राबतात. फूल फळले तर बी पडेल, बी पडले तर नवे झाड उठेल, पाखरांना व वानरांना दाणा मिळेल, आणि डोंगराची माती मुळांनी धरून राहील. आग्यामाशी तर हंगामानुसार स्थलांतर करिते. पाऊस सरला की सपाटीवर येते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस निघून जाते. पुढल्या वर्षी ती बहुधा त्याच झाडावर, त्याच फांदीवर परत येते. कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे. म्हणजे गेल्या वर्षी ती जागा पाहिलेली एकही कामकरी माशी परत येताना जिवंत नसते. मग वाट कोण दाखविते, हे कोडे शास्त्रज्ञांसही पुरते उलगडलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

आपल्या ह्याच कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीखाली पश्चिमेच्या अंगाला आग्यामोहोळ बसत असे. २०१७ च्या वैशाखात एका लग्नात वरातीच्या वेळी फटाक्यांची माळ जिन्याजवळ लावली गेली आणि मोहोळ उठले. अकरा माणसांना माश्या चावल्या. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांना तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. ही गोष्ट लहान नव्हती. आग्याच्या हल्ल्याने माणसे दगावतात. त्याच वर्षी मार्गशीर्षात मोहोळ पुन्हा येऊन बसले तेव्हा मंडळाच्या बैठकीत ते जाळण्याचे ठरले. हात वर करणाऱ्यांत आम्ही होतो. रात्री टेंभा लावला गेला. सकाळी आवारात मेलेल्या माश्या झाडून भरल्या त्या दोन पाट्या झाल्या. मध काही कामाचा राहिला नाही, धुराचा वास लागला होता. त्यानंतर दोन महिन्यांनी, येथून दीड किलोमीटरवर असलेल्या आमच्या मळ्यात भावजय म्हणाल्या की गोंड्यावर माशी नाही.

जाळल्यामुळे गेली की फवारल्यामुळे गेली? शिक्षकाने सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध म्हणून सांगू नये. आम्हांस एवढेच म्हणता येते की एकाच हंगामात दोन्ही गोष्टी झाल्या आणि दोहोंत आमचा हात होता. पुढे काही वर्षे टाकीखाली मोहोळ आले नाही. गेल्या वर्षी ते आले व आपण त्याला हात लावला नाही. ह्या वर्षी ते पुन्हा आले आहे, आणि आजच्या कार्यक्रमपत्रिकेत भोजनोत्तर बैठकीसाठी ‘टाकीखालील पोळ्याचा बंदोबस्त’ असा विषय छापला आहे.

बंदोबस्त जरूर करावा. परंतु टेंभा हा एकच बंदोबस्त नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने विदर्भातील मध काढणाऱ्या आदिवासींना पोळे न जाळता, अंगात पोशाख घालून, केवळ मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवण्याची रीत शिकविली. म्हणजे हे होऊ शकते. मोहोळ हलविणे भागच असेल तर धुराने माश्या उठवून लावणारे शिकलेले लोक मिळतात. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरास राज्याचे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर ह्या गावाला २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित केले. तेथे पत्र लिहून विचारता येईल. पत्र लिहिण्याचे काम आम्ही घेतो. तोपर्यंत लग्नाच्या तिथींना पश्चिमेचा जिना बंद ठेवावा, फटाके व धूर त्या अंगाला होऊ देऊ नये, आणि टाकीजवळचा मोठा दिवा रात्री मालवावा, कारण उजेडावर आग्यामाशी रात्रीही झेप घेते. कार्यालय भाड्याने देताना ह्या अटी पावतीच्या पाठीमागे छापाव्यात. भाडे घटेल अशी भीती खजिनदारांना वाटते. ती आम्ही खोटी म्हणत नाही. एका हंगामाचा अनुभव घेऊन पाहावा एवढीच विनंती आहे.

आणि मळ्यांपुरती एक विनंती. फूल ऐन बहरात असता शक्य तोवर औषध मारूच नये. मारणे भागच पडले तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे, आणि माशी घरी परतल्यावर दिवेलागणीस पंप काढावा. आमचे बंधू व पुतण्या ह्यांच्यात २०१९ पासून असा करार आहे. लेखी नाही, सांगतो तेवढेच. मजुराला संध्याकाळी थांबण्याचे पन्नास रुपये अधिक द्यावे लागतात, ते दोघे निम्मे निम्मे देतात. विहिरीकडच्या बांधावर निर्गुडी, शेवगा आणि तुळस लावली आहे. आता गोंड्यावर माशी येते, पूर्वीइतकी नाही. गेल्या चैत्रात एक क्विंटलाला थोडे कमी उळे भरले.

ठरावाच्या वेळी आपण हात वर कराल तेव्हा आम्ही कोणत्या बाजूस आहोत हे आता वेगळे सांगावयास नको. जाता जाता एक सूचना चिटणिसांनी आम्हांस करावयास सांगितली आहे. भोजनाचा मंडप ह्या वर्षी पूर्वेकडे घातला आहे. पंगतीत उदबत्ती लावण्याची हौस असलेल्या भगिनींनी ती पश्चिमेच्या जिन्याकडे नेऊ नये, आणि लहान मुलांना टाकीखाली खडे मारू देऊ नयेत. सकाळी येताना दोन मुले आम्हांस तेथे दिसली.